पाण्यातच उभ्या झाडाला पाणी जास्त कसं होईल? (घरातलं हायड्रोपोनिक्स, मदत हवी)

चिमूटभर | १२ मे, रात्री १०:४७

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे आणि पहिलाच धागा रडगाण्याचा काढतेय, सांभाळून घ्या.

ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. बाल्कनीत ऊन येत नाही म्हणून फेब्रुवारीत घरातच हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यात झाडं वाढवण्याचा, घाट घातला. २० लिटरचा टब, झाकणाला सहा भोकं, त्यात जाळीचे पेले, आत मत्स्यालयाचा एअर पंप आणि बुडबुड्यांचा दगड. वर एलईडीच्या दोन नळ्या, रोज १६ तास. चार लेट्यूस, एक बेसिल, एक पालक. शेजारी बादलीत कोकोपीटमध्ये (नारळाचा भुसा) मिरची, तिला तेच खताचं पाणी सकाळ-संध्याकाळ हाताने घालते.

एप्रिलपर्यंत दृष्ट लागावी असं होतं. मे लागला आणि टबातल्या झाडांची खालची पानं पिवळी पडायला लागली. सकाळी दिवे लागले की तासाभरात लेट्यूस मान टाकतं. मिरचीचं उलटंच. तिची जुनी पानं हिरवीगार, पण शेंड्याची नवी पानं लिंबासारखी पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

दुकानदार म्हणाला खत कमी पडतंय. म्हणून किटमधल्या ए आणि बी या खताच्या द्रावणांच्या जोडीला टबात १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश समान असलेलं खत) एक चमचा घातलं. आणखी बिघडलं. जाऊबाई बघून म्हणाल्या, "पाणी जास्त झालंय गं." आता पाण्यातच उभ्या असलेल्या झाडाला पाणी जास्त कसं होईल?

पेनवर पीएच (आंबटपणा) ६.०, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार आणि खत) ८००. आकडे तर पुस्तकातल्यासारखे आहेत. मग चुकतंय कुठे?

रिकामटेकडा | १२ मे, रात्री १०:५५

पाण्यात राहून पाण्याशीच वैर. वाचतोय.

बाल्कनीतला_शेतकरी | १२ मे, रात्री ११:२०

८०० लेट्यूसला भारी आहे. मी पुण्यात तीन वर्षं लेट्यूस लावतोय, ६०० च्या वर कधी जात नाही. जास्त खताने मुळं भाजतात, पानांच्या कडा करपतात. निम्मं पाणी काढा, साधं पाणी भरा, आठवडाभर थांबा.

टीडीएस_मास्तर | १३ मे, सकाळी ७:०५

असहमत. ६०० वर लेट्यूस उपाशी राहतं. माझ्याकडे कायम ८४० असतं आणि गड्डे नारळाएवढे होतात.

बाल्कनीतला_शेतकरी | १३ मे, सकाळी ९:३०

नारळ म्हणजे शहाळं की सोललेला? तीन वर्षांच्या नोंदी आहेत माझ्याकडे. ६०० म्हणजे ६००.

शेवंती | १३ मे, सकाळी १०:१२

भांडण चालू द्या. चिमूटभर, पाणी कुठलं वापरता? बोअरचं, नळाचं की आरओचं?

सदाफुली | १३ मे, सकाळी १०:४०

रात्री पंप चालू असतो का?

चिमूटभर | १३ मे, दुपारी १:१५

@शेवंती, नळाचं. फेब्रुवारीत मोजलं तेव्हा नुसत्या पाण्याचा टीडीएस ७० होता, म्हणजे चांगलंच की.
@सदाफुली, हो, पंप टायमरवर आहे, त्याची काळजी नाही.
लेट्यूसच्या कडा करपलेल्या नाहीत. पानं मऊ पडून लोंबतात.

द्राक्षबाग | १३ मे, रात्री ९:०५

मी नाशिककडचा द्राक्षवाला. टबातली शेती केलेली नाही, पण मूळ ते मूळ. ताई, तुमच्या जाऊबाई बरोबर बोलल्या, फक्त शब्द निराळा हवा होता.

आमच्याकडे पाटाचं पाणी भरलं की रान दोन-तीन दिवस गच्च असतं. त्या वेळी कोणी खत टाकत नाही, कारण झाड खातच नाही. वाफसा आला की खातं. वाफसा म्हणजे ओल आहे आणि मातीच्या कणांमध्ये हवाही आहे, अशी अवस्था. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. हवा कोंडली की मूळ पाण्यात उभं राहून तहानलेलं मरतं. वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पाणी देतो. खाली कूज, वर सुकवा. पानं पिवळी दिसली की मग खताची पिशवी फोडतो. बागा अशाच जातात.

तुमच्या टबात वाफसा आणायचं काम तो बुडबुड्यांचा दगड करतो. खत, पेन, आकडे सगळं बाजूला ठेवा. झाकण उचला, मुळी बघा आणि इथे रंग सांगा. पांढरी मुळी चालत असेल तर झाड जगतं, बाकी सगळी नंतरची बोलणी.

रिकामटेकडा | १३ मे, रात्री ९:११

वाफशासाठी +१. शाळेत भूगोलात हा शब्द होता, परीक्षेला आला नाही म्हणून विसरलो होतो.

मूठभर_माती | १३ मे, रात्री ११:४८

एवढं रसायन कशाला? टबात पेलाभर जीवामृत घाला, सगळे रोग पळतील.

शेवंती | १४ मे, सकाळी ८:३०

@मूठभर_माती, रोग पळतीलच, पाठोपाठ शेजारीही पळतील. शेण-गूळ घातलेलं पाणी २० लिटरच्या बंद टबात दिव्याखाली? त्यातले जंतू वाढताना पाण्यातला प्राणवायूच खातात, म्हणजे मुळांच्या तोंडचा घास. मातीत जीवामृताला जागा आहे. इथे ताईंचं घर तीन खोल्यांचं आहे.

चिमूटभर | १४ मे, सकाळी ८:५५

अडीच खोल्यांचं.

जास्वंद | १४ मे, दुपारी ३:२०

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

पान पिवळं पडलं की पहिला प्रश्न खत कोणतं घालू हा नसतो. कुठलं पान पडलं, जुनं की नवं, हे आधी बघायचं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरतात. तुटवडा पडला की झाड म्हातारी पानं रिकामी करून शेंड्याला वाढतं, म्हणून लक्षण खाली दिसतं. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा पानात गेले की सहसा तिथून हलत नाहीत. ते कमी पडले की नवी पालवीच उपाशी जन्मते, लक्षण शेंड्याला दिसतं. खालचं अख्खं पान फिकट झालं तर नत्राचा संशय घ्यावा, खालच्याच पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियमचा, आणि तीच नक्षी शेंड्याच्या पानांवर दिसली तर लोहाचा.

म्हणजे चिमूटभर, तुमच्याकडे दोन वेगळे आजारी आहेत आणि तुम्ही दोघांना एकच औषध पाजताय. मिरचीचं लक्षण लोहाचं आहे. पण लोह 'नाही' आणि लोह 'मिळत नाही' यात फरक आहे. पाण्याचा पीएच ७ च्या वर गेला की लोह बहुधा असूनही बाहेरच राहतं. तुमचं पेन ६.० म्हणतंय, तरी पान खोटं बोलत नाही. माझा संशय पेनवर आहे. त्याची काच शेवटची ओली कधी होती?

आणि ते १९:१९:१९. त्यात कॅल्शियम नसतं आणि नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरिया फोडून देतात. टबात ते बेतास बात, त्यामुळे झाडाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. वर गंमत अशी की युरिया विजेचं वहन करत नाही, म्हणून टीडीएसच्या पेनला तो दिसतही नाही.

द्राक्षबाग | १४ मे, रात्री ८:४०

जास्वंदताईंना दुजोरा. चुनखडीच्या रानात ऊस असाच केवड्यावर जातो, नवी पानं पांढुरकी पिवळी. लोक हिराकस (लोहाचं सल्फेट) टाकत बसतात आणि चुनखडी ते गिळून टाकते.

उत्तरधृव | १४ मे, रात्री ११:३०

मिनेसोटातून. आमच्या तळघरात उलटी तऱ्हा. जानेवारीत टब काँक्रीटच्या जमिनीवर होता, पाणी १४ अंश. टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळी. स्फुरद कमी म्हणून मी स्फुरद ओतत गेलो. शेवटी टबाखाली थर्माकोलचा तुकडा सरकवला आणि दोन आठवड्यांत नवी पानं हिरवी आली. गार मुळं स्फुरद उचलतच नव्हती. पाण्याचं तापमान किती आहे तुमच्याकडे?

चिमूटभर | १५ मे, सकाळी ९:१०

तापमान मोजायचं कधी सुचलंच नाही. आत्ता ताप बघायचा थर्मामीटर घातला, तो नुसता 'लो' म्हणतोय.

रिकामटेकडा | १५ मे, सकाळी ९:१४

टबाला ताप नाही. शाळेत पाठवायला हरकत नाही.

टीडीएस_मास्तर | १५ मे, सकाळी ११:००

मत्स्यालयाच्या दुकानात काचेचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो आणा. २० अंशाच्या पाण्यात प्राणवायू लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसात. वर गरम पाण्यात मुळांचा श्वासही वाढतो. म्हणजे आवक कमी आणि खर्च जास्त. २५ च्या पुढे मूळकुजीची बुरशी खूश.

पीएचच्या पेनची परीक्षा घरीच होते. एका वाटीत लिंबाचं पाणी, दुसरीत खायच्या सोड्याचं. लिंबाला अडीच-तीनच्या आसपास आणि सोड्याला आठच्या थोडं वर दिसायला हवं.

चिमूटभर | १५ मे, रात्री ९:५०

बसा सगळे.

पेन: लिंबाच्या पाण्यात ५.८. सोड्याच्या पाण्यात ६.१. दुधात ६.०. ते बहुतेक माझ्या चहातही ६.० दाखवेल. टोपण लावून कोरडंच ठेवत होते फेब्रुवारीपासून. मत्स्यालयाच्या दुकानातून पीएचचे थेंब आणले. टबातलं पाणी निळसर हिरवं झालं, तक्त्यावर साडेसातच्या आसपास.

तापमान: दुपारी तीन वाजता ३१.

मुळं: झाकण उचललं आणि नाकाला पदर लावला. फुलदाणीतलं आठवडाभराचं पाणी ओतताना येतो तो वास. मुळं चहाच्या रंगाची, एकमेकांना चिकटलेली, हाताला भेंडीच्या तारेसारखी बुळबुळीत. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली, मागे नुसता दोरा राहिला. पेल्याच्या अगदी तोंडाशी मात्र बोटभर पांढरी मुळं आहेत, तीही फक्त बेसिलला आणि एका लेट्यूसला.

द्राक्षबाग | १५ मे, रात्री १०:०२

साल निघून दोरा राहतो ही मूळकूजच. ती बोटभर पांढरी मुळी हवेतली, म्हणून वाचली. तीच धरून पुढे जायचं.

बाल्कनीतला_शेतकरी | १५ मे, रात्री १०:३०

पण पंप चालू असताना एवढी कूज? दगड चोंदला असेल. दर महिन्याला काढून घासता का?

चिमूटभर | १५ मे, रात्री १०:३४

दगड नवा आहे. बुडबुडे जोरदार येतात, मी रोज बघते.

रिकामटेकडा | १५ मे, रात्री १०:५१

एक अडाणी प्रश्न. वर सदाफुलींना तुम्ही म्हणालात पंप 'टायमरवर' आहे. कुठल्या टायमरवर?

चिमूटभर | १५ मे, रात्री ११:२०

अरे देवा.

एकच टायमर आहे. त्यावर एक्स्टेंशन बोर्ड, आणि बोर्डावर दोन्ही नळ्या आणि पंप. सकाळी सहा ते रात्री दहा. आत्ता उठून बघून आले. अंधार आणि शांतता. मी बघते तेव्हा दिवे लागलेले असतात, म्हणून बुडबुडे दिसतात.

म्हणजे फेब्रुवारीपासून रोज रात्री आठ तास मी त्यांचं नाक दाबून ठेवत होते.

सदाफुली | १५ मे, रात्री ११:२५

:)

जास्वंद | १६ मे, सकाळी ६:५०

रिकामटेकडा, आज तुम्ही नाव बदलायला हरकत नाही.

फेब्रुवारीत पाणी गार होतं, रोपं लहान होती, मुळं मूठभरही नव्हती. आठ तासांचा साठा पुरून जायचा. मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेलं, मुळं टबभर पसरली, आणि तोच साठा पहाटेच्या आत संपायला लागला. सकाळी दिवे लागले की पानं पाणी मागणार आणि कोंडलेली मुळं ते देऊ शकणार नाहीत. म्हणून तासाभरात मान टाकणं. तुम्ही धाग्याच्या सुरुवातीलाच हे लिहिलं होतं आणि आम्ही सगळे ६०० की ८४० करत बसलो.

उत्तरधृव | १६ मे, सकाळी ७:४०

त्यावरून आठवलं. बाल्कनीतला_शेतकरी आणि टीडीएस_मास्तर, तुमच्या पेनांवर ईसीचं (पाण्यातून वीज किती वाहते त्याचं) बटण आहे का? दोघांनी ईसी सांगा बरं.

बाल्कनीतला_शेतकरी | १६ मे, सकाळी ९:१५

१.२

टीडीएस_मास्तर | १६ मे, सकाळी ९:४०

१.२ :(

उत्तरधृव | १६ मे, सकाळी ९:५२

वाटलंच. पेन मुळात ईसीच मोजतं आणि मग गुणाकार करून टीडीएस दाखवतं. काही पेनं ५०० ने गुणतात, काही ७०० ने. १.२ चे एकाकडे ६००, दुसऱ्याकडे ८४०. तुम्ही दोघं तीन दिवस एकाच आकड्यासाठी भांडलात.

बाल्कनीतला_शेतकरी | १६ मे, सकाळी १०:०५

तरी नारळाएवढे गड्डे मान्य नाहीत.

शेवंती | १६ मे, सकाळी ११:३०

चिमूटभर, माझा प्रश्न अजून मनात खुपतोय. ठाणे महापालिकेचं पाणी सौम्य असतं, त्याचा पीएच खतासकट साडेसातला का जावा? मे महिन्यात घोडबंदर रोडला सोसायटीच्या टाकीत काय पडतं?

चिमूटभर | १६ मे, दुपारी १२:४५

टँकर. एप्रिलच्या अखेरीपासून रोज. आत्ता नळाचं नुसतं पाणी मोजलं, टीडीएसचं पेन ४८० दाखवतंय.

शेवंती | १६ मे, दुपारी १:१०

हेच विचारत होते. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, त्यात बायकार्बोनेट. तुम्ही ८०० दिसेपर्यंत खत घालत होतात, त्यातले ४८० टँकरवाल्याचे. खरं खत ३२० चंच, म्हणजे फेब्रुवारीच्या निम्म्याहूनही कमी. दुकानदार अगदीच चुकला नव्हता, फक्त औषध चुकीचं दिलं. आणि बायकार्बोनेट पीएच वर ढकलत राहतं, त्यात मिरचीचं लोह अडकलं.

आम्ही संभाजीनगरला. आमच्या बोअरचा ईसी खत घालण्याआधीच १.४. पहिलं वर्षभर मीही पेनकडे बघून समाधानी होते आणि झाडं माझ्याकडे बघून रडत होती. आता अर्धं आरओचं, अर्धं बोअरचं.

चिमूटभर | १६ मे, दुपारी ३:००

आता करू काय? टब फेकून देऊ का?

टीडीएस_मास्तर | १६ मे, सायंकाळी ५:२०

फेकू नका. पंप आत्ता टायमरवरून काढून सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा, २४ तास. तीन वॅटचा पंप महिन्याला सव्वादोन युनिटसुद्धा खात नाही. तो टबाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत उलट पाणी अडवणारी झडप बसवा. नाहीतर वीज गेली की टबातलं पाणी नळीतून पंपात आणि पंपातून बोर्डावर. अनुभव आहे, विचारू नका.

मुळं वाहत्या पाण्यात धुवा, कुजलेली कात्रीने काढा. पानंही निम्मी काढा, कारण उरलेली मुळं तेवढ्यांनाच पाणी पाजू शकतील. टब घासून कोरडा करा. नवं द्रावण निम्म्या ताकदीचं, आरओच्या पाण्यात. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरला दोन-तीन मिली, सुरुवातीला तीन दिवसांतून एकदा.

द्राक्षबाग | १६ मे, रात्री ८:१५

पेरॉक्साइडपेक्षा ट्रायकोडर्मा बरा. मित्रबुरशी मुळीवर बसली की राखण करते.

टीडीएस_मास्तर | १६ मे, रात्री ८:५०

शेतात मान्य. पण ३१ अंशांच्या टबात, अन्न म्हणून नुसती कुजकी मुळं? आधी सफाई, मग पाहुणे.

द्राक्षबाग | १६ मे, रात्री ९:०५

बरं. पण ताई, दोन्ही एकदम घालू नका, पेरॉक्साइड मित्रालाही मारतं. मध्ये आठवडा जाऊ द्या.

जास्वंद | १७ मे, सकाळी ७:३०

मिरचीचं राहिलंच. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, वरून कोरडं दिसलं तरी आत गच्च असतं. सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचा नेम मोडा. आत्ता बादली उचलून वजनाचा अंदाज घ्या, रोज उचला, चांगली हलकी लागली की मगच पाणी. ते मात्र खालच्या भोकांतून वाहीपर्यंत घाला, आणि खाली जमलेलं फेका, बशीत उभं ठेवू नका. वाहून आलेल्या पाण्याचा ईसी मोजला तर आत किती मीठ साठलंय ते कळेल. बादलीला भोकं आहेत ना?

चिमूटभर | १७ मे, सकाळी ८:१०

भोकं आहेत. बशी पण आहे. बशी कायम भरलेली असते. मला वाटायचं ती वरून पिते आणि खालूनही पिते. वाहिलेलं पाणी मोजलं, पेनवर टीडीएस १९००.

शेवंती | १७ मे, सकाळी ९:००

१९०० म्हणजे लोणचं. आरओच्या पाण्यात अगदी पातळ खत करून बादलीच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाहू द्या. कोकोपीट लावताना धुतलं होतं का? किनाऱ्याकडच्या नारळाच्या भुश्यात मीठ असतं, आणि ते सुरुवातीला खतातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःच ओढून घेतं. लावण्याआधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून धुवायचं. लोहासाठी हिराकस नको, कृषी सेवा केंद्रात चिलेटेड (पाण्यात विरघळलेलंच राहील असं बांधलेलं) लोह मिळतं. ईडीटीए लिहिलेलं साडेसहापर्यंत टिकतं, ईडीडीएचए लिहिलेलं चढ्या पीएचलाही चालतं.

अण्णू | १७ मे, सकाळी ११:४५

पीएच उतरवायला लिंबू पिळलं तर? घरात आहेच.

टीडीएस_मास्तर | १७ मे, दुपारी १२:१०

उतरतो, पण सायट्रिक आम्ल जंतू खाऊन टाकतात आणि एक-दोन दिवसांत पीएच परत वर. ठिबक धुवायला शेतकरी फॉस्फरिक आम्ल नेतात, ते थेंबाथेंबाने वापरा. हातमोजे घाला आणि आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही.

अवांतर: ए आणि बी एकाच बाटलीत ओतून 'सोय' करू नका. मी केली होती. एकातलं कॅल्शियम, दुसऱ्यातलं सल्फेट आणि फॉस्फेट. पाच मिनिटांत ताक झालं आणि तळाला साका. टबभर पाण्यात आधी ए, ढवळून मग बी.

वऱ्हाडी_ठेचा | १७ मे, रात्री १०:२०

थंडाव्यासाठी आमचा नागपुरी उपाय. मी टब सोडून मातीच्या माठात लावतो. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी टबापेक्षा पाच-सहा अंश गार राहते. एकच भानगड, खताचं पाणी पाझरून माठाला बाहेरून पांढरा लोणा धरते. पाहुणे विचारतात, माठाला बुरशी आली का बाप्पा? अन् एका पाहुण्याने त्यातलं पाणी पेल्यात घेतलं होतं, थोडक्यात वाचला.

चिमूटभर | १८ मे, सकाळी ९:३०

@वऱ्हाडी_ठेचा, ठाण्याच्या दमट हवेत माठही घाम पुसत बसतो. मी फ्रीजरमध्ये बाटल्या गोठवून टबात सोडतेय, दिवसाला दोन. २७ पर्यंत येतं.

रिकामटेकडा | १८ मे, सकाळी ९:४१

टब, पंप, नळ्या, पेन, थेंब, थर्मामीटर, आरओ, बर्फ. एक लेट्यूस कितीला पडलं?

चिमूटभर | १८ मे, सकाळी ९:५०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

उत्तरधृव | १८ मे, सकाळी १०:१५

पंपाशिवायही जमतं, हे कोणीच सांगितलं नाही. हवाई विद्यापीठातल्या क्रॅटकी यांची पद्धत. पाणी एकदाच भरायचं, झाड पितं तशी पातळी खाली जाते आणि वरच्या रिकाम्या जागेत मुळं हवेतली होतात. तिथे लोक एकच चूक करतात. पातळी उतरली म्हणून दयेने टब पुन्हा काठोकाठ भरतात आणि हवेची सवय झालेली मुळं बुडवतात. चिमूटभर, तुमची ती बोटभर पांढरी मुळं तेच सांगताहेत. आता पाणी पेल्याच्या तळापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खालीच ठेवा.

चिमूटभर | ९ जून, रात्री ९:२०

धागा वर काढतेय. हालहवाल.

तीन लेट्यूस आणि पालक गेले. चौथं लेट्यूस वाचलं, पण उकाड्याने मधूनच दांडा काढला आणि पानं कडू झाली. जाऊबाईंच्या मते मेथीपेक्षा कमीच कडू आहेत. बेसिलची पानं छाटली, मुळं कापली, दहा दिवस ती नुसती उभी होती. अकराव्या दिवशी तपकिरी गुंत्यातून दोन पांढरे दोरे बाहेर आलेले दिसले, बारीक शेवयांसारखे. आज पेल्याच्या खाली पांढरी दाढी आहे. वास फक्त ओल्या मातीचा येतोय. पंप रात्री गुरगुरतो, नवऱ्याने दोन रात्री कुरकुर केली, मग पंपाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला.

मिरचीला बशी काढल्यापासून तीन-चार दिवसांतून एकदाच पाणी लागतंय. ईडीडीएचए लोहानंतर पिवळी झालेली पानं काही हिरवी झाली नाहीत, पण त्यांच्यावर आलेली नवी पानं हिरवी आहेत. आता फुलं लागलीत, पण देठासकट गळताहेत. रोज सकाळी बादलीभोवती सात-आठ पडलेली असतात.

द्राक्षबाग | ९ जून, रात्री ९:४५

पांढरी मुळी चालली, बेसिल सुटली. खोली किती अंशांवर असते रात्री?

जास्वंद | ९ जून, रात्री ९:५८

आणि मिरचीच्या फुलांना कोणी हलवतं का? घरात ना वारा ना मधमाशी. रोज दुपारी बोटाने टिचकी मारा.

रिकामटेकडा | ९ जून, रात्री १०:०३

फुलगळीचा वेगळा धागा काढा, इथे लेट्यूसचं सुतक चालू आहे.